डिस्कवर जागा दिसतेय, मग फाइल का बसत नाही?

"अरे, ही बाहेरची पट्टी कोरी दिसतेय की डोळ्यांना, मग जागा नाही असं कसं म्हणतो हा कॉम्प्युटर?" आमच्या गिरगावच्या चाळीतल्या मंडळाचे काका डीव्हीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून मला दाखवत होते, आणि खरंच, जांभळट डिस्कवर आतून बाहेरपर्यंत लिहिलेला भाग किंचित गडद आणि अगदी कडेला जेमतेम दोन मिलिमीटरची फिकट पट्टी उरलेली. त्या पट्टीत साधारण ३६० एमबी होते. काकांना टाकायचे होते ११८ एमबीचे फोटो. म्हणजे हिशोबाने बसायलाच पाहिजेत, पण बर्न करणारं सॉफ्टवेअर सरळ नाही म्हणत होतं.

काकांकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात मंडळाच्या गणपतीचे २००५ पासूनचे फोटो आणि व्हिडिओ आहेत सगळे सीडी-डीव्हीडीवर, दरवर्षी त्याच डिस्कमध्ये थोडं थोडं भरत गेलेले. त्यातल्या तीन डिस्क अडल्या होत्या. एकीवर ही जागेची भानगड, दुसरीत फक्त शेवटच्या वर्षाचं फोल्डर दिसतंय बाकीची वर्षं गायब, आणि तिसरीत दीड तासाची विसर्जन मिरवणूक मिनिटभरात संपते. तिन्ही वेगळे आजार वाटतात ना, पण तिन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, डिस्कवर काय कुठे आहे ते लिहून ठेवायची जी पद्धत असते, फाइल सिस्टीम, तिच्यात. एकीत ती यादी अर्धवट लिहिली गेली, आणि दोघींत डिस्क किती मोठी आहे हा एक आकडा आणि त्या पद्धतीला किती मोठे आकडे लिहिता येतात हा वेगळाच आकडा. कॉम्प्युटर या सगळ्याला "जागा नाही" किंवा "डिस्क वाचता येत नाही" एवढंच म्हणतो, त्यामुळे माणूस डिस्क खराब झाली समजून फेकून देतो. कृपा करून फेकू नका, आधी हे वाचा.

आधी साधा हिशोब उरकून घेऊ. डीव्हीडीच्या कव्हरवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोजमध्ये ४.३८ जीबी दिसतं. यात कोणी फसवत नाहीये, कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरतं. डिस्कवरची जागा सेक्टर नावाच्या सारख्या तुकड्यांत वाटलेली असते, डीव्हीडी-आर (मायनस आर) वर नेमके २२,९८,४९६ सेक्टर असतात, प्रत्येक सेक्टर २०४८ बाइटचा, म्हणजे एकूण ४,७०,७३,१९,८०८ बाइट. डीव्हीडी प्लस आर थोडी लहान असते, २२,९५,१०४ सेक्टर, त्यामुळे मायनसवर काठोकाठ बसणारी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, कधी कधी प्लसवर बसत नाही, लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून कोऱ्या डिस्कची चळत घेताना हे बघून घ्या. आणि फाइल कितीही लहान असली तरी तिला अख्खा सेक्टर लागतो, दहा हजार बारीक फाइली असतील तर प्रत्येकी सरासरी अर्धा सेक्टर वाया, म्हणजे १० एमबी असेच जातात. या लेखात पुढे ४ जीबी म्हणेन तेव्हा विंडोजच्या मापातले ४ जीबी समजा.

आता सेशन म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण मल्टिसेशन डिस्कची निम्मी दुखणी इथेच आहेत.

चाळीच्या जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांचा बोर्ड असतो, अमुक पहिला मजला खोली १४, तमुक दुसरा मजला खोली ३०. डिस्कवरही असाच बोर्ड असतो. सीडीसाठी जी आयएसओ ९६६० पद्धत १९८८ मध्ये ठरली तिच्यात पहिले १६ सेक्टर मोकळे सोडून १६ क्रमांकाच्या सेक्टरवर या बोर्डाची सुरुवात असते. आता एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर जुना बोर्ड पुसून नवीन लिहिता येत नाही, डिस्कवरचा रंगाचा थर (डाय) एकदा जळला की जळला. मग पुढच्या वर्षी फोटो वाढवायचे तर काय करतात, तर आधीचा भाग बंद करतात आणि त्याच्या पुढे नवीन भाग सुरू करून तिथे नवीन बोर्ड लावतात. हा एक एक भाग म्हणजे सेशन. डिस्क आत घातली की कॉम्प्युटर सगळ्यात शेवटचं सेशन शोधतो, त्याच्या सुरुवातीपासून १६ सेक्टर पुढे जातो आणि तिथला बोर्ड खरा मानतो. मागचे बोर्ड तिथेच असतात पण तो बघतच नाही.

यातून काकांच्या दुसऱ्या डिस्कचं कोडं सुटतं. नवीन बोर्ड लिहिताना जुन्या बोर्डावरची सगळी नावं त्यात उतरवून घ्यायची असतात, याला सेशन इम्पोर्ट करणं म्हणतात, म्हणजे २००५ चे फोटो परत लिहिले जात नाहीत, फक्त "ते अमुक सेक्टरवर आहेत" एवढी ओळ नव्या यादीत येते. नीरो या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये डिस्क सुरू करताना आणि पुढे चालू ठेवताना वेगवेगळे पर्याय असायचे ते यासाठीच. मंडळातल्या एका मुलाने २००९ मध्ये दुसऱ्याच सॉफ्टवेअरने फोटो टाकले आणि जुनं सेशन इम्पोर्ट करायचं राहून गेलं. नव्या बोर्डावर फक्त २००९ चं नाव. भाडेकरू आपापल्या खोलीत बसलेत, बोर्डावर नाव नाही म्हणून पोस्टमन परत जातोय, एवढंच झालंय.

विंडोजवर असाल तर आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क उघडा, डावीकडे सेशन एक, सेशन दोन असं झाड दिसतं, जुन्या सेशनवर क्लिक केलं की तेव्हाचा बोर्ड उघडतो आणि फाइली हार्ड डिस्कवर काढून घेता येतात. लिनक्सवर डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू टूल्समधला मीडियाइन्फो वाला प्रोग्राम चालवला की कुठला ट्रॅक कितव्या सेक्टरपासून सुरू होतो ते कळतं, आणि तो आकडा डिस्क माउंट करताना, म्हणजे वाचायला जोडताना, एसबीसेक्टर या ऑप्शनला दिला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शेवटचं सेशन सोडून तुम्ही सांगाल तो बोर्ड वाचतो. आम्ही हेच केलं. २००८ चं सेशन उघडलं तर चारही वर्षांची फोल्डर एका खाली एक, कारण तोवर दरवर्षी इम्पोर्ट नीट झालेलं होतं. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते स्क्रीनवर बोट ठेवून वर्षं मोजत होते.

सेशनचं अजून एक, आणि हे सीडीवर फार जाणवतं. प्रत्येक सेशन बंद करताना त्याच्या मागे लीड-आउट आणि पुढच्याच्या आधी लीड-इन असा कोरा पट्टा सोडावा लागतो. सीडीवर पहिल्या सेशननंतर ११,४०० सेक्टर जातात, म्हणजे २२ एमबी, आणि नंतर दर वेळी ६,९०० सेक्टर, म्हणजे साधारण साडेतेरा एमबी. म्हणून ७०० एमबीच्या सीडीवर कोणी २० वेळा दोन-दोन एमबीच्या फाइली टाकून सेशन बंद केलं असेल तर डेटा फक्त ४० एमबीचा आणि नुसत्या मधल्या पट्ट्यांतच २८० एमबीच्या आसपास गेलेले असतात, आणि माणूस म्हणतो मी तर काहीच भरलं नाही. रोज थोडं थोडं लिहायची सवय असेल त्यांनी आठवड्याचं साठवून एकदम लिहावं, दुसरा इलाज नाही. डीव्हीडीवरही सेशनच्या मध्ये पट्टे जातातच, पण डिस्कच मोठी असल्यामुळे टोचत नाही एवढं.

आता ४ जीबीचं प्रकरण. दोन वेगवेगळ्या मर्यादा योगायोगाने एकाच आकड्यावर येऊन बसल्यात आणि लोक हमखास त्यांची सरमिसळ करतात, मी पण बरीच वर्षं करत होतो, म्हणून दोन्ही सावकाश सांगतो.

पहिली मर्यादा एका फाइलच्या साइझची. आयएसओ ९६६० च्या बोर्डावर प्रत्येक फाइलपुढे तिची लांबी लिहायला ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक मावतील एवढी, जागा ठेवलीय. ३२ बिटांत सगळ्यात मोठा आकडा मावतो तो ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. १९८८ मध्ये सीडीच साडेसहाशे एमबीची होती, तेव्हा ४ जीबीची एक फाइल हा विचार कोणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं, त्यामुळे मी ती पद्धत ठरवणाऱ्यांना दोष देणार नाही. पण डीव्हीडी आली ४.३८ जीबीची, आणि एक सलग व्हिडिओ फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकते. मग बर्निंग सॉफ्टवेअर एकतर नकार देतं, किंवा लिहितं पण आकडा कापून लिहितं. काकांच्या तिसऱ्या डिस्कवर साधारण ४ अब्ज ३५ कोटी बाइटची मिरवणुकीची फाइल आहे, ३२ बिटांच्या वरचा भाग कापला की उरतात साडेपाच कोटी बाइट, ५२ एमबी. दीड तासाचा व्हिडिओ मिनिटभरात का संपतो ते कळलं ना? फाइल अख्खी आहे डिस्कवर, बोर्डावर लांबी चुकीची लिहिलीय.

यावर उतारा आहे. एक तर आयएसओचीच लेव्हल ३, तिच्यात मोठी फाइल अनेक तुकड्यांत नोंदवता येते, प्रत्येक तुकडा ४ जीबीच्या आतला, वाचणाऱ्याने ते जोडून एक फाइल समजायची. पण वाचणाऱ्याला हे कळायला हवं, जुन्या सिस्टीमला कळत नाही आणि तिला एकच तुकडा दिसतो. दुसरा उतारा म्हणजे यूडीएफ, १९९५ च्या सुमारास आलेली वेगळी फाइल सिस्टीम, तिच्यात लांबीला ६४ बिटांची जागा असल्यामुळे हा प्रश्नच येत नाही. बऱ्याच डीव्हीडींवर दोन्ही असतात, एकाच डेटाकडे बोट दाखवणारे दोन बोर्ड, आयएसओचा आणि यूडीएफचा. काकांची डिस्क तशीच निघाली. माझ्या जुन्या मशीनवर ती आयएसओ म्हणून माउंट होत होती, मी प्रकार यूडीएफ असा स्पष्ट सांगून परत माउंट केली आणि फाइल पूर्ण साइझची दिसली, पूर्ण कॉपी झाली. हे करायला अर्धं मिनिट लागतं, त्यामुळे मोठी फाइल छोटी दिसली की पहिली ही गोष्ट करून बघा. फक्त कॉपी पेनड्राइव्हवर करणार असाल तर तो फॅट३२ नाही ना हे बघा, कारण त्यालाही फाइलची हीच ४ जीबीची मर्यादा आहे आणि मग दोष बिचाऱ्या डिस्कवर जातो. विंडोज एक्सपी वाल्या जुन्या मशीनवर यूडीएफ २.०१ पर्यंतच वाचता येतं, २.५ ची डिस्क तिथे उघडत नाही.

दुसरी मर्यादा जास्त छुपी आहे आणि काकांची पहिली डिस्क, ती दोन मिलिमीटरच्या पट्टीवाली, तिच्यामुळेच अडली होती. इथे फाइल मोठी नव्हती, ११८ एमबीचे सुटे फोटो होते. अडत होता तो बोर्ड कुठे टांगायचा यावर.

झालं काय, लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक ओळख क्रमांक लागतो, आयनोड. आयएसओ डिस्कवर असा क्रमांक लिहिलेलाच नसतो, मग जुन्या कर्नलने सोपा मार्ग काढला होता की बोर्डावरची त्या फाइलची ओळ डिस्कच्या सुरुवातीपासून जितक्या बाइटवर आहे तोच तिचा क्रमांक. कल्पना छान, पण क्रमांक ३२ बिटांचा. म्हणजे ओळ ४ जीबीच्या आत असेल तोवर ठीक, पलीकडे गेली की क्रमांकात मावत नाही. एका सेशनच्या डिस्कवर हे कधी कळतच नाही कारण बोर्ड सुरुवातीला असतो आणि डेटा त्याच्या मागे खुशाल ४.३८ पर्यंत पसरू शकतो. मल्टिसेशनमध्ये मात्र बोर्ड दरवर्षी पुढे सरकतो. ४ जीबी म्हणजे २०,९७,१५२ सेक्टर, डीव्हीडी-आर चे एकूण २२,९८,४९६, त्यामुळे शेवटच्या साधारण ३९३ एमबीच्या पट्ट्यात तुम्ही सेशन सुरू केलंत की नवीन बोर्ड सीमेपलीकडे जातो. आणि लक्षात घ्या, नव्या बोर्डावर जुन्या सगळ्या वर्षांचीही नावं असतात, म्हणजे जुन्या कर्नलला फक्त नवीन फोटो नाही, सगळी डिस्कच वाचता येईनाशी होते.

म्हणून ग्रोआयएसओएफएस नावाचा लिनक्सवरचा बर्निंग प्रोग्राम सीमेच्या थोडं अलीकडेच थांबतो आणि सांगतो की पुढचं सेशन ४ जीबीची हद्द ओलांडेल, मी लिहीत नाही. मंडळाच्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम होता, वरच्या रंगीत खिडकीने या वाक्याचं नुसतं "जागा अपुरी" करून टाकलं होतं. मला विचाराल तर प्रोग्रामचं वागणं योग्यच आहे, ११८ एमबीसाठी मागचे सगळे गणपती पणाला लावू नयेत. पण तो ज्या कर्नलच्या काळजीने थांबतो ते फार जुनं आहे. २.६ मालिकेत पुढे ही पद्धत बदलली, बाइट मोजण्याऐवजी ३२-३२ बाइटच्या पायऱ्या मोजायला लागले, कारण बोर्डावरची कुठलीच ओळ त्याहून लहान नसते, आणि मर्यादा एकदम ४ जीबीवरून १२८ जीबीवर गेली. आजच्या कुठल्याही लिनक्सवर अशी डिस्क वाचली जाते. ग्रोआयएसओएफएसला ही अट सोडायला लावायचा एक ऑप्शन आहे, त्यात शेवटी ४जीएमएस असं येतं, तो दिला की लिहितो.

आम्ही दिला नाही. मंडळाचं जुनं मशीन अजून चालू आहे आणि त्यावर काय दिसेल याची खात्री नव्हती, आणि नवीन डिस्क स्वस्तात मिळत असताना ही जोखीम कशाला. तुमच्याकडे दुसरी डिस्कच नसेल, आणि वाचायचं मशीन नवीन आहे हे पक्कं माहीत असेल, तर जरूर द्या. डबल लेयरवाल्या ८.५ जीबीच्या डिस्कवर सेशन वाढवत जायचं असेल तर हा ऑप्शन लागतोच, नाहीतर अर्धी डिस्क कोरी राहील.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू किंवा डीव्हीडी-रॅमवर यातलं बरंच लागू होत नाही, तिथे खरी सेशनं नसतात, वाढवताना सुरुवातीचा बोर्डच बदलतात.

नावांचं मात्र सांगायलाच हवं कारण आपण मराठीत नावं देतो. साध्या आयएसओत देवनागरी चालतच नाही. विंडोज ९५ बरोबर आलेल्या जोलिएट या जोडीच्या यादीत चालते, पण नाव ६४ अक्षरांपर्यंत, आणि इथे अक्षर म्हणजे आपण बाराखडीत मोजतो ते अक्षर नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजतात. "गणेशोत्सव" आपल्याला पाच अक्षरी दिसतो, जोलिएटच्या लेखी नऊ. "गणेशोत्सव २००७ विसर्जन मिरवणूक गिरगाव चौपाटी" एवढ्यालाच ४४ लागतात, त्यापुढे फोटो काढणाऱ्याचं नाव, क्रमांक जोडत गेलं की ६४ ओलांडलंच. मग शेपूट कापलं जातं, दोन फोटोंची नावं सारखी होतात, आणि बर्निंग मध्येच अडतं. काहीजण तिथेही डिस्क भरली असंच समजतात. वर्ष फोल्डरला द्या आणि फाइलचं नाव आखूड ठेवा.

तर डिस्क अडली की मी कुठल्या क्रमाने बघतो ते सांगतो. प्रथम लिहायचा प्रयत्नच थांबवायचा, कारण प्रत्येक फसलेला प्रयत्न एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरची जागा खातो. मग मीडियाइन्फो किंवा आयसोबस्टरमध्ये बघायचं की सेशन किती आहेत, डिस्क अजून उघडी आहे की कायमची बंद केलीय, आणि पुढचं लिहिण्याचं ठिकाण कितव्या सेक्टरवर आहे. कायमची बंद असेल तर विषय संपला, पट्टी कितीही कोरी दिसो तिथे काही लिहिता येणार नाही. उघडी असेल आणि पुढचा सेक्टर २०,९७,१५२ च्या जवळ किंवा पलीकडे असेल तर ती बोर्डाची भानगड. त्याच्या बराच अलीकडे असेल तर टाकायच्या फाइलींत एखादी ४ जीबीच्या वरची आहे का ते बघा, नसेल तर नावं बघा. आणि काहीही करायच्या आधी जे वाचलं जातंय ते हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, अगदी प्रत्येक सेशनमधून वेगळं, भले त्याच फाइली दोनदा आल्या तरी चालतील.

काकांचा डबा असा उतरवायला तीन रविवार गेले. आम्ही डिस्कवर लिहिलेलं सगळं वर्षवार फोल्डरमध्ये लावलं, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून मूळ डिस्कशी ताडून बघितलं, एक कॉपी काकांच्या घरी आणि एक मंडळाच्या कपाटात ठेवली. ते ११८ एमबीचे फोटो नवीन डिस्कवर गेले. जुन्या डिस्क डब्यात परत ठेवल्यात, प्रत्येकीच्या मधल्या पारदर्शक गोलावर काकांनी मार्करने बारीक अक्षरात लिहिलंय, किती सेशन आहेत आणि कुठल्या सेशनपासून सगळी वर्षं दिसतात. २००९ वाल्या डिस्कवर लिहिलंय, "चौथं सेशन उघडणे".